होडीची बिलं तुमच्याकडे, होडी भावाकडे

पत्राचा सारांश: पेडणे तालुक्यातले एक वाचक, वय 46, नोकरीमुळे पणजीला राहतात. गावी शापोरा नदीकाठी त्यांचं घर आहे. 2021 मध्ये त्यांनी आणि धाकट्या भावाने मिळून 24 फुटी फायबरची होडी आणि 40 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन घेतलं. जास्त पैसे यांनी घातले. होडी भाऊ चालवतो. मासे मारतो, हिवाळ्यात परवान्यावर पर्यटकांना फिरवतो. दर मे महिन्यात हे स्वतः पैसे देऊन इंजिनाचं सर्व्हिसिंग करून घेतात. तरी गेल्या हंगामात तीन वेळा फटका बसला. सप्टेंबरमधल्या एका रात्री होडी बांधल्या जागी पाण्याने भरून अर्धी बुडाली. जानेवारीत नदीच्या मुखाशी सहा पर्यटक बसलेले असताना इंजिन तापून बंद पडलं आणि दुसऱ्या होडीने ओढून आणावं लागलं. मार्चमध्ये इंजिनाच्या खालच्या गिअरमध्ये पाणी गेल्याचं निघालं. खर्च 38 हजार. ते लिहितात: ‘मी पैशाला कधी मागे हटलो नाही. सगळा भावाचा निष्काळजीपणा. आता वाटतं, होडी विकून टाकावी, नाहीतर पगारी माणूस ठेवावा. आई म्हणते, होडीवरून घर फोडू नका. काय करू?’

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि सोबतची सर्व्हिसिंगची तीन बिलं तीनदा. बिलं पाठवलीत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्यातच आहे.

तिन्ही बिलांवर तेच चार शब्द आहेत: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग, मजुरी. चार वर्षांत इंपेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणारं चक्र, एकदाही बदललेला नाही. गिअर ऑइल नाही, जस्ताचा ठोकळा नाही, पेट्रोलचा फिल्टर नाही. तुम्ही ‘सर्व्हिसिंग’ म्हणून पैसे दिले आणि मेकॅनिकने सर्व्हिसिंग म्हणून जे करतात ते केलं. त्यात कुणी फसवलं असं मला दिसत नाही. पण तुमच्या मनात जे ‘सगळं करून घेतलं’ होतं, ते कधी झालंच नव्हतं.

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्हाला परत वाचून दाखवते. तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘दिवाळीत भाऊ म्हणत होता की इंजिनातून पाण्याची धार बारीक येते, मी म्हटलं आत्ताच मे महिन्यात सर्व्हिसिंग झालंय, काही होत नाही.’ दादा, इंजिन चालू असताना मागे जी बारीक पिचकारी उडते ती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची असते. ती बारीक झाली म्हणजे इंजिनाला पाणी कमी मिळतंय. जानेवारीत जे बंद पडलं ते दिवाळीत सांगत होतं, आणि ते तुमच्या भावाने पाहिलं होतं. निष्काळजी माणसाला ती धार दिसत नाही.

मी तुमच्याहून वयाने मोठी आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. रागावू नका.

तुमच्या तिन्ही फटक्यांची कारणं समजून घ्यायला मी बेतीच्या एका जुन्या मेकॅनिककडे जाऊन बसले. तुमचं नाव-गाव काही सांगितलं नाही, फक्त लक्षणं सांगितली. त्याच्याकडून कळलेलं लिहिते, कारण हेच प्रश्न इतर होडीवाल्यांनाही येतात. दर हंगामानंतर मला अशी दोन-चार पत्रं येतातच.

आधी इंजिन तापण्याचं. इंजिनाच्या पायात एक रबराचं चक्र असतं, त्याला इंपेलर म्हणतात. ते फिरून नदीचं पाणी वर ओढतं. रबरच ते, झिजणारच. त्यात नदीच्या मुखाशी रेतीचे दांडे. ओहोटीला उथळ पाण्यातून होडी काढली की पाण्याबरोबर रेतीही आत जाते आणि ती पाती कानशीसारखी घासते. मेकॅनिकने मला नवा आणि जुना इंपेलर शेजारी शेजारी ठेवून दाखवला. नव्याची पाती ताठ उभी. जुन्याची एका बाजूला कायमची वाकलेली, टोकं झिजून गोल, आणि एक पातं मुळाशीच चिरलेलं. बोटाने दाबलं तर पातं परत उभं राहिना. तो भाग वर्षातून एकदा उघडून पाहायचा असतो, आणि आपल्याकडच्या रेतीत शंका आली की बदलून टाकायचा. नव्या इंजिनाच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. पातं तुटलेलं निघालं तर मात्र तुटका तुकडा कुठे गेला ते शोधावं लागतं. तो वर पाण्याच्या वाटेत अडकून बसतो आणि नवा इंपेलर घातला तरी इंजिन तापतंच.

दुसरं, गिअरमध्ये गेलेलं पाणी. हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुरुस्तीला आलेल्या एका इंजिनाचा पंखा, पाण्यात फिरून होडी पुढे ढकलतो तो, त्याने नट खोलून काढला. मागे दांड्यावर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला होता. इतका घट्ट की वाटावं दांड्याचाच भाग आहे. सुरीने कापून काढला तेव्हा हातभर निघाला. पाण्यात तरंगणारा तुटका तंगूस पंख्यात येतो, गुंडाळला जातो, तापतो आणि आतल्या रबरी सीलला कापतो. मग खारं पाणी गिअरमध्ये. त्याने खालचा स्क्रू काढला तसं ट्रेमध्ये जे ओघळलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं. चांगलं गिअर ऑइल मधासारखं पारदर्शक किंवा वापरून काळपट होतं. दुधाळ झालं की पाणी गेलं समजायचं. हे वेळेत दिसलं तर दोन सील बदलून भागतं. नाही दिसलं तर दात आणि बेअरिंगं गंजतात आणि तुमच्यासारखे 38 हजार जातात. पंखा महिन्यातून एकदा काढून मागे पाहायला अर्धा तास पुरतो. नटाला लावलेली पिन मात्र दर वेळी नवी घालायची.

तिसरं, बुडालेली होडी. सप्टेंबरातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. दुपारी ऊन, संध्याकाळी गडगडाट आणि मग रात्रभर. 24 फुटी होडीचा उघडा भाग साधारण 10 चौरस मीटर धरा. एका रात्रीत 10 सेंटिमीटर पाऊस पडला तर होडीत 1000 लिटर पाणी साठतं. म्हणजे एक टन वजन. तेवढ्यासाठीच आत पंप असतो आणि पाणी चढलं की तो आपोआप चालू करणारा तरंगता स्विच असतो. तुम्ही लिहिलंय की पंप ‘चालू कंडिशनमध्ये’ होता. हो, बटण दाबल्यावर चालत होता. पण रात्री बटण दाबायला कोण बसलं होतं? माशांचे खवले, जाळ्याचे धागे, पिशवीचा तुकडा, यातलं काहीही त्या स्विचखाली अडकलं की तो वर उचललाच जात नाही. तो तपासायचा एकच खरा मार्ग आहे: होडीत चार बादल्या पाणी ओतायचं आणि हात न लावता बघत उभं राहायचं. पंप आपण होऊन चालू झाला आणि पाणी बाहेर पडलं, तर ठीक. बॅटरीही त्याच वेळी बघायची. टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचा, कोरडं करून व्हॅसलिन लावायचं.

या तिन्ही गोष्टींना पैसे कितीसे लागतात? फार नाहीत. लागतं ते रोज होडीजवळ असणारं माणूस आणि त्याच्या हातात थोडी रोकड. तुमच्या घरात माणूस आहे. रोकड नाही.

तुम्ही लिहिता, ‘लागेल ते मागायचं, मी नाही म्हणत नाही.’ दादा, चाळिशीच्या माणसाला शंभर रुपयांच्या बुचासाठी आणि तीनशेच्या क्लिपसाठी मोठ्या भावाला फोन करावा लागत असेल, तर तो एकदा करील, दोनदा करील. दिवाळीत त्याने धारेचं सांगितलं आणि ‘काही होत नाही’ ऐकून गप्प बसला. त्यानंतर त्याने काही सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठे आलेलं नाही. माझ्या जिवाला ते लागलं.

माझ्या माहेरी, डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी, वडिलांची लाकडी होडी होती. मे महिन्यात ते तिला उलटी घालून काजूच्या टरफलांचं तेल लावायचे आणि ते काम सगळ्या वाड्याला दिसायचं. पण होडी टिकली ती रोज संध्याकाळच्या कामावर. पत्र्याच्या डब्याने पाणी उपसून झालं की ते गुडघ्यांवर बसून तळाच्या फळ्यांवरून तळहात फिरवायचे. कुठे ओल नव्याने आलीय ते हाताला कळायचं. ते काम आम्ही मुलांनी कधी काम म्हणून मोजलंच नाही. तुमच्या भावाचीही अशी कामं असतील. ती कुठल्या बिलावर येत नाहीत, म्हणून तुमच्या हिशेबात ती नाहीत.

आता त्याच्या चुकांचंही बोलते, म्हणजे मी एकतर्फी झाले असं होऊ नये. तंगूस त्याने पाहायला हवा होता. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायला हवं, तेही तो करत नाही असं तुम्ही लिहिलंय. पण लगेच पुढे लिहिलंय की धक्क्यावर नळ नाही, विहीर वर घरामागे आहे. मग तो धुणार कशाने? दिवसभर नदीत घालवून आलेल्या माणसाने रात्री दहा बादल्या वाहाव्यात ही अपेक्षा धरली तर इंजिन कधीच धुतलं जाणार नाही. विहिरीच्या पंपाला लांब पाइप जोडा, किंवा धक्क्यावर 200 लिटरचं पिंप ठेवा. बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनांना पाइप लावायचं तोंड दिलेलं असतं, तिथून इंजिन बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. नेमकं कसं ते इंजिनाच्या पुस्तिकेत बघा. आतलं मीठ असं धुतलं नाही तर ते पाण्याच्या वाटा हळूहळू बुजवतं, आणि मग इंपेलर नवा असूनही इंजिन तापतं.

जस्ताच्या ठोकळ्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ते जवळजवळ सगळेच विसरतात. इंजिनाच्या पायाला करड्या रंगाचे धातूचे तुकडे लावलेले असतात, मेकॅनिक त्यांना नुसतं ‘झिंक’ म्हणतात. खाऱ्या पाण्यात धातूला जो गंज लागतो तो हे तुकडे स्वतःवर घेतात आणि झिजतात. त्यामुळे इंजिनाचं ॲल्युमिनियम वाचतं. ते निम्मे झिजले की बदलायचे. होडी चकचकीत दिसावी म्हणून काही जण त्यांच्यावरही रंग मारतात. मग ते झिजत नाहीत, इंजिन झिजतं. शिवाय आपल्या नदीचं पाणी मेमध्ये खारट आणि जुलैत जवळजवळ गोडं असतं. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करायचं थांबतं. जिथे पाणी असं मचूळ असतं तिथे ॲल्युमिनियमचे तुकडे जास्त बरे. मेकॅनिकला विचारून तुमच्या इंजिनाला बसणारे आणा.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पर्यटकही नसतात. अर्धी टाकी पेट्रोल तसंच ठेवलं तर पावसाच्या दमट हवेत त्यात पाणी जमतं आणि तळाला वेगळा थर बसतो. मग हंगामाच्या पहिल्याच दिवशी इंजिन खोकत बसतं आणि आपण म्हणतो, दोन महिने तर नुसतं उभं होतं! मेअखेरीला टाकी रिकामी करा, ते पेट्रोल स्कूटरमध्ये वापरून टाका. पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर बसवून घ्या. टाकीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी आणि हाताने दाबायचा फुगा उन्हाने तडकतात. फुगा वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की तो बदलायचा.

पावसाळ्यात होडी वर काढलेली असेल तेव्हा तळाच्या भोकाचं बूच काढून ठेवा आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी उंच ठेवा, म्हणजे पाणी साठणार नाही. साठलं तर डास होतील, तो आणखी वेगळा ताप. ताडपत्री दोन्ही टोकांना थोडी उघडी ठेवा, हवा खेळू द्या. आणि काढलेलं बूच सुकाणाला बांधून ठेवा. ऑगस्टमध्ये घाईघाईत होडी पाण्यात लोटून, बूच घरी राहिलेलं असताना, पायाला पाणी लागल्यावर आरडाओरड करणारी माणसं मी पाहिली आहेत.

इंजिन जिथे लटकतं त्या मागच्या फळीकडे कुणी बघत नाही. बाहेरून फायबर, आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी आत मुरलं की प्लायवूड कुजतं आणि बाहेरचा रंग मात्र छान दिसत राहतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीभर ठोकत जा. टणक आवाज यायला हवा. कुठे ‘थप’ असा मेलेला आवाज आला तर तिथे आत ओल आहे. इंजिनाच्या पायावर भार देऊन फळी हलते का तेही बघा. हे काम 38 हजारांपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण इथे चूक झाली तर इंजिनच पाण्यात जातं.

पर्यटक बसवता म्हणून शेवटचं. लाइफ जॅकेटं पुरेशी आहेत असं तुम्ही म्हणता. किती जॅकेटांची चेन लागते, किती पट्ट्यांची शिवण शाबूत आहे, ते एकेक हातात घेऊन पाहा. बसायला उशी म्हणून वापरलेल्या जॅकेटांचा फोम दबतो. ती गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची. अग्निशामकाचा काटा हिरव्यात असला तरी आतली पावडर तळाला गोळा होते. महिन्यातून एकदा उलटा करून हलवायचा. चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद होतं, ती हुकाला लटकलेली ठेवून उपयोग नाही. आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर होडीत आतून रंगाने लिहून ठेवा, मोबाइलमधला नंबर घाबरलेल्या माणसाला सापडत नाही. जानेवारीत त्या सहा जणांचं नशीब, म्हणून समुद्र शांत होता.

आता तुमचे दोन पर्याय. विकायची तर विका, होडी म्हणजे देव नव्हे. पण या अवस्थेत विकलीत तर पडेल किमतीला जाईल, आणि भावाचा धंदा जाईल. पगारी माणूस ठेवण्याचं मला पटत नाही. तोही तुमच्या भावासारखाच पाण्याची धार बघून तुम्हाला सांगेल, आणि तुम्ही पणजीहून काही होत नाही म्हणालात तर तोही गप्प बसेल. वर महिन्याला पगार घेईल.

मला तिसरं सुचतं. एक हंगाम थांबा. होडीच्या उत्पन्नातून दर महिन्याला ठरावीक रक्कम, समजा तीन हजार, भावाच्या हातात देखभालीसाठी ठेवा. हिशेब वहीत, परवानगी नको. त्याच वहीत इंजिन किती तास चाललं, पंखा कधी काढून पाहिला, स्विच कधी तपासला, हे तारीख घालून तो लिहील. मोठी कामं, इंपेलर, गिअर ऑइल, झिंक, ही यादी करून मेकॅनिकला मेमध्ये लेखी द्या आणि जुने काढलेले भाग परत मागा. जुना इंपेलर हातात आला की काय झालं, काय नाही, ते कळतं. हे सगळं एक वर्ष करूनही भावाने वही कोरी ठेवली, तर मला परत लिहा. मग विकण्याचं बोलू, आणि तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलेन.

आईंना यात न्यायाला बसवू नका. त्यांना दोघांपैकी कुणाचं चुकलं ते सांगायला लावणं बरं नाही.

या रविवारी गावी जा. नुसते जा, बिलं घेऊ नका. भावाला म्हणा, दिवाळीत तू धारेचं सांगितलंस ते मी ऐकायला हवं होतं. एवढं बोललात की पुढचं सोपं होईल. मग एक ट्रे, मोठा स्क्रूड्रायव्हर आणि गिअर ऑइलची नळी घेऊन दोघं होडीपाशी बसा. खालचा स्क्रू त्याला काढू द्या, ऑइल कोणत्या रंगाचं येतं ते दोघांनी बघा. नवं ऑइल खालच्या भोकातून वर भरत जायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे. हात धुवायला विहिरीवर जाल तेव्हा तिथून धक्क्यापर्यंत किती पावलं होतात ती मोजा. पाइप तेवढा लांब घ्यावा लागेल.